दिवे वाढवणे

एकदा एका डोंगरगावात एक वृद्ध माळी राहत असे. त्या गावात वर्षातले चार महिने ढग खाली उतरत आणि सूर्य नावापुरताच उरे. म्हणून तो टोमॅटोची रोपे घरातच, ट्यूबलाइटच्या उजेडात वाढवी. महाविद्यालयातून पदवी घेऊन आलेली एक तरुणी त्याच्याकडे शिकत होती. तिला जग लवकर बदलायचे होते, आणि जगाला कसलीच घाई नव्हती. त्यामुळे ती नेहमी थकलेली असे. दिवसभर रोपे सांभाळून सांजेआधीच ती टेकडीवरच्या वस्तीत सभेला धावे. माळ्याचे रात्रीचे काम तिने कधी पाहिलेच नव्हते.

गेल्या वर्षी त्याच वस्तीतील चाळीस घरांना तिने रोपे वाटली होती. दिवे फार उंच टांगल्यामुळे रोपे लांबट, लुकडी झाली होती. पहिल्याच वाऱ्यात आडवी पडली. एक म्हातारी म्हणाली होती, "बाई, तुझी रोपं तुझ्या भाषणासारखी. लांबच लांब, आन् बुडात जोर नाही." तरी बायकांनी यंदा पुन्हा वाफे केले होते, "ही शेवटची खेप हं," असे बजावूनच. पौर्णिमेला रोपे देण्याचा शब्द तिने दिला होता.

यंदा दिवे रोपांच्या वर जेमतेम वीतभर होते. रोपे बुटकी, गर्द हिरवी, अंगाने भरलेली होती. पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना माळ्याला लेकीच्या गावी जावे लागले. निघताना तो म्हणाला, "पाणी बेतानं घाल. आणि जेवणं आटोपली की दिवे वाढवत जा."

"वाढवते, गुरुजी," ती म्हणाली. तिच्या मनातलेच तो बोलला होता.

त्याच दिवशी तिने आणखी चार ट्यूब टांगल्या आणि सगळे दिवे अहोरात्र जळत ठेवले. पाचव्या दिवशी पाने शिरांमधून पिवळी पडू लागली. भूक असेल असे वाटून तिने खताचे पाणी दिले. पाने अधिकच पिवळी होऊन कडांनी वळली. मग तीही रात्ररात्र जागून रोपांपाशी बसू लागली, जणू आपला डोळा लागला तर ती मरतील.

नवव्या दिवशी सकाळी माळी परतला. त्याने रोपे पाहिली, तिचे तांबारलेले डोळे पाहिले, आणि सगळे दिवे बंद केले. खिडकीवर घोंगडी टांगली.

"गुरुजी, अहो, हे काय करताय? तीनच दिवस उरलेत."

"दिवे वाढवतोय."

"हे वाढवणं?"

"आमच्या घरी दिवा विझव असं कुणी म्हणत नसे. तुझी आई बांगडी फुटली म्हणते का?"

"वाढवली म्हणते," ती हळूच म्हणाली.

"आणि देवापुढचा नारळ?"

"तोही वाढवतात," म्हणत ती रोपांपाशी बसली.

माळी तिच्या शेजारी टेकला. "शब्द जुना. मी तो उलगडून सांगायला हवा होता, ती चूक माझी. पण तूही विचारलं नाहीस, कारण हवं तेच कानावर पडलं. टोमॅटो उजेड खातो आणि अंधारात तो अंगी लावतो. अंधारच मिळाला नाही, तर खाल्लेलं त्याला बाधतं. तू त्याला भुकेला समजलीस. तो दमलेला होता, पोरी. दमलेल्याच्या पानात किती वाढशील?"

"पण मी दिलेला शब्द?"

"पिवळी रोपं दिलीस तर शब्द पाळल्यासारखा दिसेल, इतकंच."

त्या दुपारी ती टेकडी चढली. बायकांना तिने झालेली चूक सांगितली आणि दहा दिवस मागितले. गेल्या वर्षीची ती म्हातारी म्हणाली, "मागल्या साली पडायची रोपं मुकाट देऊन गेलीस. यंदा आधी सांगाया आलीस. दहा दिसांत वाफे काय पळून जात न्हाईत. बस, चार घास खा."

ती बसली. त्या दिवशी तिने सभा घेतली नाही.

पिवळी पाने पुन्हा हिरवी झाली नाहीत; पण आठवड्याभरात शेंड्याशी नवी पाने फुटली, ती हिरवी होती. त्या रात्री जेवणे आटोपल्यावर तिने बटणावर हात ठेवला.

"गुरुजी, वाढवू?"

"वाढव," माळी म्हणाला, आणि कुशीवर वळला.