धुरपाची बाज

खैरमाळाच्या भैरोबापुढं जो लिंब आहे ना, तो आज चार माणसांच्या कवेत मावत नाही. हा लिंब नुकता सावली धरायला लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली असतील? म्हाताऱ्यांना विचारलं तर ते लिंबाकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, "त्यालाच विचार."

तर त्या वेळी गावात धुरपा नावाची एक बाई राहायची. चार शेळ्या, एक खोपटं आणि एक बाज, एवढाच तिचा संसार. बाज मात्र नामी होती. नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी बाभळीचे पाय लावून, अंबाडीची दोरी वळून स्वतःच्या हातानं विणलेली. नवरा गेला, बाज राहिली. तिच्यावर धुरपा कुणाला टेकू द्यायची नाही. कुणी बसायला गेलंच तर म्हणायची, "खाली बस की! भुई काय चावती व्हय?" जिभेनं अशी तिखट, पण मनानं लोणी.

मग ते वाईट साल आलं. पाऊस चार दिवस पडला आणि जो गेला तो गेलाच. तूर उभी राहिली, हरभरा उभा राहिला, पण शेंगांत दाणा भरला नाही. खळ्यावर धान्य सुपात मावलं आणि भुसाचे ढीग मात्र डोक्याएवढे. माळावर गवताची काडी उरली नाही. गाई-बैल लोकांनी नदीकाठच्या पाहुण्यांकडं धाडले. राहिल्या त्या शेळ्या.

त्यातच धुरपाची लेक बाळंतपणाला माहेरी आली, आणि बाळंतपणातच गेली. मागं राहिली दीड वितीची नात. धुरपा रडली, पण रडत बसायला वेळ कुठं होता? पोर भुकेनं कळवळत होती. तिनं आपल्या कवडी शेळीचं दूध काढलं, कापसाची वात त्यात बुडवली आणि नातीच्या ओठांत दिली. पोर चुटूचुटू चोखायला लागली. कवडीनं तिला दत्तक घेतलं, असं म्हणतात.

पण शेळीच्या पोटात काही गेलं तर दूध येणार! आधी तांब्याभर यायचं, मग वाटीभर, मग चार घोट. बोरी-बाभळीचा पाला हात पोचेल तिथवर संपला होता. धुरपा शेळीच्या बरगड्या मोजायची आणि नातीकडं बघायची. दोघींचा जीव एकाच दोरीला बांधलेला आहे, हे तिला कळत होतं.

होळीला दोन दिवस राहिले होते. आता खैरमाळात तेव्हा एक रीत होती. गावातलं सगळं भूस, काड, तुराट्या, वेल होळीत घालायचे. होळीचा जाळ भैरोबाच्या कळसाच्या वर गेला की पुढच्या साली पाऊस चांगला पडतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्या साली तर पाऊस हवाच होता, म्हणून लोकांनी ठरवलं की जाळ कळसाच्या दुप्पट उंच करायचा. घराघरातून पाट्या निघाल्या. लिंबापाशी भुसाचा डोंगर झाला.

धुरपानं तो डोंगर पाहिला. ती तशीच रावजी पाटलांपुढं जाऊन उभी राहिली.

"पाटील, ह्ये जाळू नका. शेळ्यांना घालू या."

पाटील म्हणाले, "धुरपे, शेळीची जात चोखंदळ. ती भुसाला तोंड लावायची न्हाई. आन् होळी बारीक झाली तर पावसाचं काय?"

"खाल्लं तर?"

पाटील हसले. "परवा होळी. तवर तुझ्या शेळ्यांनी खाऊन दाखवलं, तर सगळं भूस तुझं."

पाटील दिल्या शब्दाला जागणारे, हे सगळ्या गावाला माहीत. धुरपानं पाटीभर भूस आणून शेळ्यांपुढं ओतलं. शेळ्यांनी हुंगलं, शिंकल्या, त्यावर नाचल्या, त्यातच लेंड्या टाकल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. कुडापलीकडून लोक बघत होते. जो तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी तिनं भुसावर मिठाचं पाणी शिंपडलं. शेळ्यांनी वरवर दोन घास घेतले, बाकीचं तुडवलं, आणि तुडवलेल्याला पुन्हा तोंड लावलं नाही. त्या संध्याकाळी कवडीनं दोनच घोट दूध दिलं. नात रडून रडून निळी पडली. धुरपा भैरोबाला म्हणाली, "देवा, माझी लेक नेलीस. आता हिला न्यायची असंल तर आधी मला ने."

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे ऐन होळीच्या दिवशी, तिला खोपटाबाहेर खसखस ऐकू आली. बघते तर काय, कवडी मागच्या दोन पायांवर उभी! पुढचे पाय कुडावर ठेवून, मान वर ताणून, वळचणीत अडकलेल्या तुरीच्या काड्या ओढून ओढून खात होती. पायाशी तेच भूस पडलेलं, पण त्याच्याकडं बघतही नव्हती.

"अगं माझे बाई!" धुरपा ओरडली. "तुला मानानं, वर वाढलेलं ताट पायजे व्हय!"

पण वर ठेवायचं कशात? गव्हाणीला फळी नव्हती, टोपली फाटलेली. तिची नजर बाजेवर गेली. क्षणभर तिनं त्या दोरीवरून हात फिरवला. मग उचलली बाज डोक्यावर आणि निघाली लिंबाकडं. बाजेच्या चारी पायांना दोर बांधून तिनं ती फांदीला शेळीच्या डोक्याच्या जरा वर टांगली, दोरीची वीण थोडी सैल केली, वर भूस पसरलं आणि मिठाचं पाणी मारलं. शेळ्या आल्या. माना वर केल्या. विणीतून लोंबणारी एकेक काडी ओढून कुरूकुरू खायला लागल्या. दिवस मावळायला आला तेव्हा बाज रिकामी होती.

पाटील मशाल घेऊन आले होते. त्यांनी रिकामी बाज पाहिली. मग म्हणाले, "भुसाला कुणी काडी लावायची न्हाई."

त्या साली होळी झाली ती फक्त पाच गोवऱ्यांची. लोक मनातून घाबरले होते. पण त्या पाच गोवऱ्यांचा जाळ कळसाच्या वर हातभर गेला, असं म्हणतात. पाऊस वेळेवर आला का? यावर मात्र गावात अजून भांडणं होतात.

दोन दिवसांत कवडीची वाटी भरली, आठ दिवसांत तांब्या. मग साऱ्या गावच्या शेळ्या लिंबाखाली यायला लागल्या. ज्यांच्या आयांचं दूध आटलं होतं अशी सात तान्ही पोरं त्या उन्हाळ्यात त्या दुधावर जगली, असं म्हणतात. कुणी अकरा म्हणतं. आणि सगळ्यांत नवल म्हणजे ती बाज कधी रिकामी दिसली नाही. सकाळी शेळ्या चाटूनपुसून खायच्या, दुपारी बघावं तर पुन्हा भरलेली. देवी येऊन भरते, असं म्हणतात. आमची म्हातारी म्हणायची, "देवी कशाला येती? येणारा-जाणारा मूठमूठ टाकत होता." आता मूठमूठ टाकायला माणसाला सुचलं, हीच देवी म्हणा ना.

धुरपा त्या दिवसापासून भुईवर निजली. सुकाळ आला, बाज लिंबावरच राहिली. नात मोठी झाली, नांदायला गेली, तिला लेकरं झाली. धुरपा अगदी थकली तेव्हा नात धावत आली आणि म्हणाली, "आजे, आता तरी बाज खाली घेते. चार दिवस सुखानं पड."

धुरपानं डोळे उघडले. "खुळी का काय? मग शेळ्या कशात खातील?"

तेवढं बोलून ती गेली. तिच्या तिरडीमागून गावातल्या सगळ्या शेळ्या ओढ्याकाठच्या मसणापर्यंत गुमान चालत गेल्या, असं म्हणतात.

बाज अजून तिथंच आहे. दोरी शंभरदा बदलली, पाय दहादा बदलले, पण बाज तीच, असं खैरमाळची माणसं शपथेवर सांगतात. सुगी झाली की खळ्यावरची पहिली पाटी भूस बाजेवर जाते. घरात तान्हं असेल तर त्याची मूठ भुसाला लावून आणतात. आणि होळीला आजही पाचच गोवऱ्या असतात. गावातली सर्वांत म्हातारी बाई बाज भरते आणि मोठ्यानं हाक देते, "धुरपे, बाज भरली गं!" मग सगळं गाव शेळ्यांची वाट बघत थांबतं. एखाद्या वर्षी शेळ्या नखरे करतात, हुंगतात, इकडंतिकडं बघतात. बघू देत. त्यांतली एक मान वर करून पहिली काडी ओढेपर्यंत पाटलाच्या हातातली मशाल होळीला लागत नाही.