मिठागरावरची गोमी आणि सात वैद्य

फार जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका राज्यात, राजाने दवंडी पिटवली. पाठशाळा आता सगळ्यांना खुली आहे. जो शिकेल तो वैद्य होईल, मग तो कोणाच्याही पोटचा असो.

मिठागरावर राबणाऱ्या एका बापाने ती ऐकली. खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या पायांना भेगा पडल्या होत्या. त्याने आपल्या मुलीला, गोमीला, पाठशाळेत घातलं.

गोमी सहा वर्षं शिकली. मुळ्या आणि साली ती नुसत्या वासावरून ओळखू लागली. सुटीत घरी आली की बापाच्या पायांना लेप लावी. मिठागरावरची माणसं तिला वैदीणबाई म्हणत, आणि बाप खाली मान घालून हसे.

परीक्षा घ्यायला सात वैद्य बसले, राजवैद्य त्यांचा मुख्य. आधी राजवैद्याच्या मुलाची पाळी होती. त्याला साध्या दोन मुळ्यांतला फरक सांगता आला नाही. राहिलेलं घरी बापाच्या हाताखाली शिकेल, असं म्हणून त्याला पास केलं. गोमीचं एकही उत्तर चुकलं नाही. तेव्हा राजवैद्याने विचारलं,

"मुली, तुझ्या घरात याआधी नाडी कोणी पाहिली होती?"

"कोणीच नाही, गुरुजी."

"मग थोरामोठ्यांनी आपला हात तुझ्या हातात कशाच्या भरवशावर द्यावा?"



तिला वैद्य न करता राजवाड्यात औषधं कुटायच्या कामावर ठेवलं. तुम्हा लोकांना कष्टाची सवय असते, असं तिला सांगितलं, आणि तेही कौतुकाने. राजवैद्याचा मुलगा औषध लिहून देई, गोमी कुटी. एकदा त्याने लिहिलेली मात्रा चुकलेली दिसली म्हणून तिने तोंड उघडलं. महिनाभर तिला अंगण झाडायला लावलं. ज्या बाईसाठी ते औषध होतं, ती आठवड्यात गेली. त्यानंतर गोमीने औषधाबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

पुढे तिचा बाप वारला. आपली मुलगी राजवाड्यात वैद्य आहे, असं तो शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होता. गोमीने त्याला खरं काय ते कळू दिलं नव्हतं.

गोमीचं लग्न मिठागरावरच्याच एकाशी झालं. तिची मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी म्हणाली, "आई, मला पाठशाळेत घाल ना."

गोमी हातातलं काम टाकून उठली. मग मुलीला मिठागरावर घेऊन गेली आणि फावडं कसं धरायचं ते दाखवलं.

"हे शीक," ती म्हणाली. "हे काम करताना तू कोणाची, असं कोणी विचारत नाही."

गोमीचं पाहून बाकीच्यांनीही तेच केलं, आणि काही वर्षांत मिठागरावरून पाठशाळेत जाणारं एकही मूल उरलं नाही. राजाने प्रधानाला कारण विचारलं. त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असं प्रधानाने सांगितलं. राजाला ते पटलं.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात घ्या: शिकण्याचा हक्क सगळ्यांना दिला आणि मान मात्र घराणं पाहून वाटला, तर शिकलेल्याची आशा मरते आणि त्याच्या मुलांच्या मनात ती रुजतच नाही.