धुळाचा बोकड

"पण गळ्यात माळ असली, की मग कुणी बळजबरी करत नाही ना, बुवा?"

सिदू अजून धापा टाकत होता. टेकडी तो पळत चढून आला होता, आणि एकटा आला नव्हता. त्याच्या हातात दावं होतं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला एक काळा बोकड.

भानुबुवा मठाच्या ओट्यावर फडकं सोडून बसले होते. फडक्यात भाकरी, भाकरीवर ठेचा.

"कसली बळजबरी?"

"मटणाची."

बुवांनी भाकरीवरचा हात मागं घेतला.

"खाली सगळे जमलेत. मामा आलाय. पातेलं चढलंय. याला कापायचं आणि पहिला घास माझ्या तोंडात घालायचा. झालं, संपला म्हणे दुखवटा."

सिदूचा थोरला भाऊ धुळा. विहिरीतली मोटर काढायला उतरला, तो वर आलाच नाही. परवा त्याचं तेरावं झालं. त्या गावात रीत अशी, की दुखवट्यातल्या घराला मामानं वशाटाचा, म्हणजे मांसाचा, पहिला घास भरवायचा. तो घास गिळला, की घर पुन्हा खायला-प्यायला आणि हसायला मोकळं. आणि सिदूचा तायाप्पामामा काही नकार ऐकून घेणारा माणूस नव्हता.

"मी तो घास घेणार नाही," सिदू म्हणाला. "आज नाही आणि कधीच नाही. पण माझं कोण ऐकतंय? चौथीतनं शाळा सोडलेला मी. मामा टाळक्यात एक टपली देईल आणि घास कोंबेल. माळेला मात्र तो भितो. माळकऱ्याला कुणी बोट लावत नाही."

"आजवर खात होतास?"

"हाडं फोडून."

"मग आता काय झालं?"

"दादानं सोडलं होतं."

सिदूला आता थांबता येईना.

"जत्रेत एकदा बोकड खाली पाडला होता. दादा त्याच्या डोळ्यांकडं बघत राहिला. तेव्हापासून नको म्हणायला लागला. माळबीळ काही नाही. नुसतं नको. किती टिंगल केली सगळ्यांनी! 'आले बघा महाराज' म्हणायचे. मामा तर मुद्दाम त्याच्या ताटात तुकडे टाकायचा. दादा भांडायचा नाही. तुकडे उचलायचा आणि माझ्या ताटात ठेवायचा."

"आणि तू?"

"...खायचो."

वाऱ्यानं फडक्याचं टोक हललं. बुवांनी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला.

"आणि आता हे त्याच्याच नावानं त्याचाच बोकड कापणार! त्याचाच!" सिदूचा आवाज फाटला. रडायचं नाही असं ठरवून आल्यासारखा त्यानं दाव्याचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. "आई मेली होती याची. दादानं बाटलीनं दूध पाजून वाढवलाय."

"नाव काय याचं?"

"नाव नाही. 'ए शहाण्या' म्हणायचा."

"विकायलाच वाढवला होता ना?"

सिदूच्या कपाळावर आठी चढली.

"हो, विकायलाच. स्वतः खात नव्हता, पण विकत होता. घर कुणी चालवायचं? अन् बुवा, असं आडवंतिडवं विचारू नका. माळ घालणार का नाही, तेवढं सांगा."

"धुळा असता, तर आज खाल्लं असतंस?"

सिदूनं दाव्याची गाठ चाचपली.

"सांग की."

"खाल्लं असतं."

"मग उद्या दुःख बोथट झालं, की पुन्हा खाशील."

"होणार नाही!" सिदू एवढ्यानं ओरडला, की बोकड दचकून मागं सरला. "होऊच देणार नाही मी!"

बुवांनी बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला. तो शांत झाला. सिदू झाला नाही.

"धुळा यायचा इथं," बुवा म्हणाले.

"माळ मागायला?"

"पाणी प्यायला."

"मग माळ का नाही मागितली त्यानं?"

"मी कधी विचारलं नाही."

तेवढ्यात खालून हाक आली. मामाचा आवाज साऱ्या शिवारात ओळखू यायचा. वाटेवरून धूळ उठत होती. दोन माणसं चढत होती.

"आले!" सिदू ओट्याशी वाकला. "घाला, बुवा. लवकर घाला. पाया पडतो तुमच्या."

बुवा उठले. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढली. त्यांच्या गुरूंनी घातल्यापासून ती कधी उतरली नव्हती. ते पाहून सिदूच्या अंगावर काटा आला. त्यानं डोळे मिटले आणि मान पुढं केली.

मानेवर काहीच पडलं नाही.

त्यानं डोळे उघडले. माळ बोकडाच्या गळ्यात होती.

"बुवा!"

"जन्मात यानं कधी मांसाला तोंड लावलं नाही. तुझ्याआधी याचा मान."

बोकडानं मान वळवली आणि माळेचं लोंबणारं टोक चघळायला सुरुवात केली.

"माझी चेष्टा करताय?"

"नाही."

बुवा पुन्हा खाली बसले, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला.

सिदू बघतच राहिला. "अहो, गळा रिकामाय तुमचा! माळ नसली तर माळकरी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही."

"माळ त्याच्याकडं गेली. भूक माझ्याकडंच राहिली."

सिदूला संताप आला तो आलाच. या म्हाताऱ्याकडं येण्यापेक्षा डोंगरात पळून गेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण तोवर मामा ओट्यापाशी येऊन उभा राहिला होता. मागं सुरीवाला रामा.

"काय रे गाढवा! बोकड घेऊन पळतोस? तिकडं पाण्याला आधण आलंय, पाव्हणे ताटकळलेत, आणि तू..."

मामानं दाव्याला हात घातला. मग त्याला माळ दिसली. हात तिथंच थांबला.

"हे काय?"

"माळ," बुवा म्हणाले.

रामा दोन पावलं मागं सरला. "तायाप्पा, मी नाही हां माळेवर सुरी चालवणार."

"आधी काढ ती."

"तू काढ."

"तू काढ म्हणतोय ना!"

"तुझा भाचा, तुझा बोकड. तूच काढ."

दोघांनीही काढली नाही. बोकड निवांत चघळत होता.

शेवटी मामानं कपाळावरचा घाम पुसला. "बरं. राहू दे याला. कोंबडं कापू. पण घास घ्यावा लागेल, सिदू. धाकटा भाऊ तू, पहिला घास तुझा. तू घेतल्याशिवाय घर मोकळं होत नाही. आईला काय जन्मभर दुखवट्यात बसवणार आहेस?"

सिदूनं बुवांकडं पाहिलं. बुवा ठेचा पुसून घेत होते. तिकडून काही मदत येईल असं दिसेना.

"आईला भरवा," सिदू म्हणाला. "वहिनीला भरवा. दादाच्या पोराला खायचं तर खाऊ दे. मी वाढीन माझ्या हातानं. मी खाणार नाही."

"रीत आहे!"

"असू दे."

"गळ्यात माळ आहे का तुझ्या?"

सिदूनं गळ्यावरून हात फिरवला.

"नाही."

"मग कुणाच्या जिवावर बोलतोस एवढं?"

"कुणाच्या नाही. नको मला."

मामानं हात उगारला. सिदू जागचा हलला नाही. ओठ घट्ट मिटून, डोळ्याला डोळा देऊन उभा राहिला. डोळे भरून वाहायला लागले तरी त्यानं पुसले नाहीत.

मामाचा हात हवेतच राहिला. असंच "नको" त्यानं याआधी पंगतीत अनेकदा ऐकलं होतं. तेव्हा तो हसला होता.

हात खाली आला. राग मात्र कुणावर तरी काढायचा होता. मामा बुवांकडं वळला.

"तुमचंच काम हे! हा माळ मागायलाच आला असणार, मला काय कळत नाही? मग याला का नाही घातली? या पोराला सोडून जनावराच्या गळ्यात का घातलीत?"

बुवांनी तोंडातला घास गिळला.

"बोकडाला नको म्हणता येत नाही."