चिठ्ठीची मागची बाजू

एकदा एका वृद्ध कीटकशास्त्रज्ञाने भर दुपारी आपल्या शिष्येची केराची टोपली फरशीवर उपडी केली आणि गुडघे टेकून तो कचरा चिवडू लागला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांचे दुखणे वेगळेच. पण ऐकतो कोण! शिष्या ओशाळून म्हणत होती, "सर, उठा हो. मी शोधते ना." सर कागदाचा एकेक बोळा उलगडून पाहत होते.

झाले होते ते असे. संग्रहालयाच्या एका जुन्या पेटीत शिष्येला तांदळाच्या कणीएवढा भुंगेरा सापडला होता. पाठीवरचे कवच अर्ध्यातच संपलेले, मागचा भाग उघडा. या कुळातले बहुतेक भुंगेरे असेच असतात. पण ही जात शास्त्राला सर्वस्वी नवी होती. तिचे वर्णन करून तिला नाव देण्यावरच शिष्येचा प्रबंध अडला होता. पेटीत होती ती एकुलती एक मादी, आणि नर पाहिल्याखेरीज या कुळात जात खात्रीने सांगता येत नाही. ही मादी ज्या डोंगरात धरली होती, त्या डोंगरातला पालापाचोळा शिष्येने दोन वर्षे चाळून काढला. नर काही मिळाला नाही. शिष्यवृत्तीचे आता तीन महिने उरले होते.

निदान मादी तरी नीटनेटकी दिसावी, म्हणून त्या सकाळी तिने भुंगेऱ्याच्या टाचणीवरची, तो कुठे नि कधी सापडला ते सांगणारी पिवळी पडलेली चिठ्ठी काढली, गाव आणि तारीख सुबक टंकून नवी लावली, आणि जुनी फेकून दिली. या विद्येत जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. नवी तिच्याखाली लावतात. शिष्येला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण टापटिपीची हौस माणसाकडून काय करवून घेईल, सांगता येत नाही बरं का!

अखेर पेन्सिलीच्या सालपटांत चिठ्ठी सापडली. सरांनी ती सदऱ्याला पुसली आणि तिथेच फरशीवर बसले. "धावजीचं अक्षर आहे हे," ते म्हणाले.

"कोण धावजी, सर?"

"माझा वाटाड्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या रानात आम्ही दोघंच हिंडायचो. किडा आधी त्याला दिसायचा आणि नाव माझं व्हायचं. एकदा म्हणाला, 'सायेब, गावतो मला आन् लिवता तुम्ही. मलाबी शिकवा की लिवायला.' तिशी उलटल्यावर पाटी घेतली गड्यानं! विंचू धरताना न थरथरणारा हात, पण 'अ' काढताना घामाघूम. काय दिवस होते गं ते! आता तो नाही. ते गावही धरणाखाली गेलं."

"चुकलं माझं, सर. पण गाव, तारीख जशीच्या तशी उतरवली होती मी. काही गाळलं नव्हतं."

"उलटून पाहिलीस?"

शिष्येने नकारार्थी मान हलवली.

"त्याचं अक्षर मोठं. पुढे मावलं नाही, की उरलेलं मागे लिहायचा. मीही विसरलो होतो, हातात घेतल्यावर आठवलं." सरांनी चिठ्ठी उलटली. मागे पेन्सिलीने दोनच जाडेभरडे शब्द होते: वारुळात, खोल.

"अरे देवा! आणि मी दोन वर्षं पाला चाळत बसले!"

"बाई गं," सर म्हणाले, "टाचणी नुसता किडा धरून ठेवते. त्याचं रान धरून ठेवते ती ही चिठ्ठी. जुन्या माणसांच्या हातचं आपल्याला गचाळ वाटतं, म्हणून वाचायच्या आधीच आपण ते नीट करायला निघतो."

शिष्या पुन्हा डोंगरात गेली. धरणाच्या पाण्याच्या वर, उतारावर अजून काही वारुळे उभी होती. महिन्याभराने ती परतली तेव्हा तिच्या डबीत तीन भुंगेरे होते. त्यांत दोन नर. सोबतची चिठ्ठी तिने जागेवरच, हाताने लिहिली होती.

सरांनी चिठ्ठी घेतली आणि पुढची बाजू न वाचता आधी उलटून पाहिली. मागे लिहिले होते: धावजींनी सांगितल्याप्रमाणे, वारुळात, खोल.

म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. "धावजी," तो खिडकीकडे बघत म्हणाला, "वाचलं रे हिनं."