केवडी आणि गुलबक्षीची परी

एका डोंगरावर, जिथं मोटार चढत नाही आणि ढग मात्र खुशाल घरात शिरतात, चैती नावाची एक छोटी मुलगी राहायची. तिचं घर एवढंसं होतं. एक खोली, एक चूल आणि भिंतीला लागून घोडीसाठी घातलेलं गवताचं छप्पर. घरात आबा, चैती आणि केवडी घोडी, एवढीच माणसं. हो, चैती केवडीलाही माणसांतच धरायची. आई तिला आठवत नव्हती, पण केवडी आठवायला लागल्यापासून होती. अंगानं केवड्यासारखी पिवळसर, कपाळावर दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा ठिपका, आणि पापण्या इतक्या लांब की त्यांवर दव साचायचं.

डोंगरावर येणाऱ्या पाहुण्यांना आबा केवडीवर बसवून फिरवून आणायचे, त्यांच्या पेट्या तिच्या पाठीवर लादायचे. त्यावरच चूल पेटायची.

एक दिवस उतारावरच्या शेवाळलेल्या दगडावर केवडीचा पाय घसरला. मागचा पाय टम्म सुजला, जखम चिघळली. साऱ्या घोडेवाल्यांनी मिळून तिला सावकाश पायथ्याशी उतरवलं, आणि तिथून गाडीत घालून तिला खालच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गवताचं छप्पर रिकामं झालं. आबा पेट्या स्वतःच्या डोक्यावर वाहू लागले, आणि भाकरीबरोबरची भाजी हळूहळू चटणीवर आली.

चैतीला मात्र एकच ध्यास. केवडीला भेटायचं. भेटायची वेळ दुपारी चारनंतरची. ती सकाळपासूनच तयारी करायची. कोवळं कोवळं गवत कापायची, त्याची जुडी बांधायची, परकराच्या खिशात गुळाचा खडा टाकायची, पाण्याची बाटली भरायची आणि निघायची. निघायची म्हणजे काय, उडायचीच. झाडांच्या मुळांवरून, लाल मातीवरून, करवंदीच्या जाळ्यांना चुकवत ती दुडुदुडु धावत खाली यायची. दवाखाना दिसला की ती एक उडीच मारायची.

दवाखाना होताही तसाच गमतीचा. पिवळ्या भिंती, निळे निळे दरवाजे, आणि प्रत्येक अर्ध्या दरवाजावरून एकेक तोंड बाहेर. इथून शिंगं, तिथून लांब कान, पलीकडून काळं ओलं नाकुल्लं. कुणी बें करायचं, कुणी नुसतंच फुर्रर्र.

शेवटच्या दरवाजातून मात्र कुणीच डोकावत नव्हतं. आत पेंढ्यावर केवडी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. चैतीनं हाक मारली की तिचा एक कान हलायचा, तेवढाच. गवत तसंच राहायचं, गूळ तसाच राहायचा.

"जखम भरत आलीय गं," केवडीचा पाय तपासत डॉक्टरताई म्हणाल्या. त्यांच्या खिशात नेहमी गाजरं असत आणि बोलणं गाजरासारखंच गोड असे. "पण हिनं मनच सोडलंय. उठायचंच नाही म्हणते. घोड्यानं फार पडून राहिलेलं चांगलं नसतं, चैती. तू रोज ये. तिच्याशी बोल."

दुसऱ्या दिवशी चैती इतकी पळत आली की वेळेच्या खूप आधी पोचली. फाटक बंद. म्हणून ती मागच्या बागेत जाऊन बसली. ऊन चटचट लागत होतं. कुंपणाशी गुलबक्षीचं एक झुडूप होतं, पण बिचारं पार मान टाकून उभं होतं. पानं लोंबलेली, कळ्या मिटलेल्या, माती फुटाण्यासारखी तापलेली.

चैतीलाही तहान लागली होती. बाटलीत थोडंच पाणी उरलं होतं. तिनं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा झुडपाकडे.

"तुला तर चालत विहिरीवर जाताही येत नाही," ती म्हणाली, आणि सगळं पाणी तिनं मुळाशी ओतलं.

माती गटगट प्यायली. पानं थरथरली. आणि मग, दवाखान्यातल्या घड्याळात चारचे ठोके पडताच, झुडपावरची कळी न् कळी टपटप उमलली. गुलाबी, पिवळी, पांढरी, तर कुठं अर्धं गुलाबी अर्धं पिवळं फूल. सगळ्यांत मधल्या फुलातून इवलीशी जांभई ऐकू आली.

फुलात एक परी बसली होती, चैतीच्या करंगळीएवढी. तिचा झगा एका बाजूनं गुलाबी, एका बाजूनं पिवळा. पंख पाण्याच्या पापुद्र्यासारखे, आणि केसांत परागांची लुकलुकती चांदणपूड.

"झोपेत केवढी तहान लागली होती मला," परी डोळे चोळत म्हणाली. "मी चार वाजता उठते आणि उजाडलं की झोपते. आज उठलेच नसते. पाणी तू घातलंस ना?"

चैतीनं मान हलवली.

परीनं झुडपाला हलकेच धक्का दिला. तीन काळ्या बिया टपकन चैतीच्या ओंजळीत पडल्या, मिऱ्याएवढ्या, चमचमत्या.

"या तीन इच्छा. एक बी मुठीत धरायची आणि इच्छा सांगायची. बी गरम झाली तर इच्छा खरी झाली. गार राहिली तर नाही."

"मी आत्ताच सांगते," चैती उठलीच. "माझी केवडी..."

"थांब, थांब. नियम ऐकलेस का?" परी मऊ आवाजात म्हणाली. "स्वतःसाठी काही मागायचं नाही. जे जे तुझं आहे, त्याच्यासाठीही नाही. आणि तिन्ही बिया संपेपर्यंत माझ्याबद्दल कुणाला सांगायचं नाही."

चैती मटकन खाली बसली. "पण केवडी तर माझीच आहे."

"नियम मी केलेले नाहीत गं," परी म्हणाली, आणि तिचे डोळेसुद्धा दवानं भरले.

चैती बिया मुठीत घेऊन आत गेली. दारातच खालच्या गावातली साळूआजी बसली होती. मांडीवर दोन दिवसांचं करडू, पांढरंशुभ्र, कापसाच्या बोंडासारखं. ते दूधच पीत नव्हतं. आजी बाटली पुढं करायची, ते तोंड फिरवायचं. आजीचा पदर डोळ्यांशी गेला.

चैतीनं फार विचार केला नाही. तिनं एक बी मुठीत घट्ट धरली आणि पुटपुटली, "या करडाला भूक लागू दे."

मूठ एकदम गरम झाली. बोटांच्या फटींतून गुलाबी ठिणग्या उडाल्या. करडानं शेपटी फडफडवली आणि चुकचुक, चुकचुक करत सगळी बाटली रिकामी केली. वर आजीचा अंगठाही चोखून पाहिला.

"प्यालं गं बाई माझं," आजी हसत रडत म्हणाली. चैतीला इतका आनंद झाला की ती करडाभोवती गरगर फिरली.

दुसऱ्या दिवशी ती आणखी जोरात धावत आली. आता तिला कळलं होतं की खिशात केवढी गंमत आहे. चौथ्या दरवाजात एक म्हातारं गाढव होतं. त्याचा खूर फुटला होता, आणि त्याला भेटायला कधी कुणी येत नसे. चैतीनं त्याचे लांब कान कुरवाळले, बी मुठीत धरली आणि म्हणाली, "याचं दुखणं थांबू दे."

पिवळ्या ठिणग्या उडाल्या. गाढवानं एक पाय टेकवला, दुसरा टेकवला, आणि मग असं खणखणीत ओरडलं की डॉक्टरताईंच्या हातातलं गाजर खाली पडलं. ते गाजर त्यानंच खाल्लं.

चैती हसत हसत शेवटच्या दरवाजापाशी गेली आणि तिचं हसू थांबलं. केवडी तशीच पडली होती. आज तिनं कानही हलवला नाही.

त्यानंतरच्या दिवशी आबाही चैतीबरोबर आले. ओसरीवर डॉक्टरताई त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. चैतीला ऐकू आलं. "औषधानं करायचं ते सगळं केलंय, आबा. आज संध्याकाळपर्यंत उठली तर ठीक. नाहीतर मला आशा वाटत नाही."

चैती केवडीच्या खोलीत पळाली. एकच बी उरली होती. तिनं ती मुठीत आवळली आणि भरभर म्हणाली, "केवडी माझी नाही. केवडीला उठू दे."

बी गार. ओढ्यातल्या गोट्यासारखी गार.

तिनं पुन्हा म्हटलं. बी गारच. चैतीला मनातून ठाऊक होतं असं का ते. तोंडानं ती 'माझी नाही' म्हणत होती, आणि मनात त्याच वेळी केवडीला गवताच्या छपराखाली नेऊन बांधतही होती.

मग ती केवडीच्या मानेवर गाल टेकून बसली आणि तिनं खरंच विचार केला. छप्पर रिकामं. सकाळी खुरांची टपटप नाही. गुळासाठी खिशात शिरणारं मऊ नाक नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पण मग तिला दुसरंही दिसलं. हिरवागार माळ, आणि त्यावर वाऱ्यासारखी धावणारी केवडी, पाठीवर पेटी नाही, गळ्यात दोर नाही. ते इतकं सुंदर होतं की रडता रडता तिचे डोळे लकाकले.

आबा आत आले. चैती म्हणाली, "आबा, केवडी बरी झाली तर तिला मोकळं सोडाल का? तिला हवं तिथं जाऊ द्याल?"

आबा केवडीपाशी बसले. तिच्या कपाळावरच्या ठिपक्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "एवढंसं शिंगरू होती, तेव्हापासून सांभाळली हिला. किती ओझी वाहिली गं हिनं आपली." त्यांनी तिची आयाळ सारखी केली. "बरी होऊन ती रानात पळाली ना चैते, तरी मी हसत बघेन. हा दोर माझ्या हातानं काढीन."

"मग आपलं कसं?"

"पेट्या वाहायला माझं डोकं आहे की," आबा म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथं केवडीच्या गळ्यातला दोर सोडला.

चैतीनं मूठ मिटली. तिचा आवाज कापत होता, पण मन कापत नव्हतं. "केवडी, तू माझी नाहीस. आबांचीही नाहीस. तू तुझी आहेस. ऊठ गं, तुझ्यासाठी ऊठ."

बी गरम झाली. गरम, आणखी गरम, जणू मुठीत छोटासा सूर्य धरलाय. गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या ठिणग्यांचं कारंजं छपरापर्यंत उडालं. पेंढा सोन्यासारखा झगमगला. केवडीचा कान हलला. मग दुसरा. तिनं मान उचलली, पुढचे पाय रोवले, एक झोका घेतला, आणि उभी राहिली. पिवळीधमक, उंच, नाकपुड्या फुलवून. आणि अशी खिंकाळली की साऱ्या निळ्या दरवाजांतून साऱ्या जनावरांनी ओ दिली.

डॉक्टरताई धावत आल्या. पाय चाचपला, छातीला नळी लावून ऐकलं, पुन्हा पाय चाचपला. "उठलीस गं बाई," त्या म्हणाल्या, आणि खिशातली सगळी गाजरं त्यांनी केवडीपुढं ओतली. केवडीनं एकही शिल्लक ठेवलं नाही.

काही दिवस तिला अंगणात चालवून पाहिलं आणि मग एका संध्याकाळी डॉक्टरताईंनी तिला घरी जायला सांगितलं. आबांनी फाटक उघडलं. समोर माळ पसरला होता, पलीकडे रान. आबांनी बोलल्याप्रमाणे केवडीच्या गळ्यात काही घातलं नाही. केवडीनं हवा हुंगली आणि ती सुटली. शेपटीचा झुपका उडवत, खुरांनी माती उधळत माळ ओलांडून ती पार रानात दिसेनाशी झाली.

चैतीनं तिला हाक मारली नाही. तोंडापर्यंत आलेली हाक तिनं गिळली, आबांचा हात धरला आणि दोघं डोंगर चढू लागली. आबा हसत होते, पण अधूनमधून फेट्याच्या टोकानं डोळे पुसत होते.

पहिल्या वळणावर मागून आवाज आला. टपटप. टपटप टपटप. चैतीनं वळून बघायच्या आत एक मऊ, ओलं नाक तिच्या खिशात शिरलं.

चैतीला हसू आवरेना. ती केवडीच्या गळ्यात पडली, आबाही पडले, आणि वाटेतच तिघांचा एक गोळा झाला. तेवढ्यात केवडीच्या आयाळीत काहीतरी लुकलुकलं. परी तिथं पाय हलवत बसली होती.

"तूच आणलंस ना तिला परत?" चैतीनं हळूच विचारलं.

"मी नाही गं," परी म्हणाली. "माझ्या बिया तर केव्हाच संपल्या. ही आली ती आपल्या मनानं आली." तिनं चैतीच्या गालावर परागांचं इवलंसं बोट लावलं. "आता माझ्याबद्दल कुणालाही सांग, बरं का."

तिचे पंख उजळले. आधी काजव्याएवढा उजेड, मग दिव्याएवढा, मग साऱ्या उतारावर गुलाबी-पिवळा प्रकाश सांडला. करवंदीच्या जाळ्या, लाल माती, आबांचा फेटा, सगळं सगळं क्षणभर फुलासारखं उमललं. उजेड विरला तेव्हा आयाळीत कुणी नव्हतं.

चैतीनं केवडीपुढं उभं राहून तिच्या डोळ्यांत पाहिलं. यापूर्वी तिनं असं कधीच विचारलं नव्हतं.

"केवडी, मी तुझ्या पाठीवर बसू का?"

केवडीनं थोडा विचार केल्यासारखं केलं. मग ती वाटेच्या कडेच्या उंच दगडाला अंग लावून शांत उभी राहिली. चैती दगडावरून टुणकन तिच्या पाठीवर चढली, आणि केवडी टपटप, टपटप, आपल्या मनानं घराची वाट चालू लागली.