थोरली ऐरण आणि साळूचा घण

वाकसरीच्या लोहारआळीत शिरलं की आधी दिसते ती थोरली. गुडघ्याइतकी उंच, शेंदूर माखलेली, निंबाखालच्या ओट्यावर बसवलेली ऐरण. या गावच्या सुऱ्या हिच्यावरच घडत असणार, असं पाहुण्यांना वाटतं. पण थोरलीवर कुणी घाव घालत नाही. आळीतले सगळ्यांत वयस्क हरबा चव्हाण आलेल्याला ओट्याजवळ बसवून घेतात आणि सांगतात, की हिला विसावा दिला तो एका सुनेनं.

तिचं नाव साळू. तिचा जन्म म्हणे चालत्या गाडीत झाला. माहेरची माणसं फिरस्ती. पाल ठोकायचं, वीतभर ऐरण रोवायची, गावाची कामं संपली की पुन्हा बैल जुंपायचे. पाऊस आला की आधी भाता झाकायचा, मग पोरं. वाकसरीच्या चव्हाणांकडे तिला दिली, सोबत एक वीतभर ऐरण आणि हलका घण दिला, तेव्हा तिला वाटलं होतं, आता डोक्यावर छप्पर येईल, बसती भट्टी मिळेल आणि हत्यारं अशी असतील की लोखंड बोललेलं ऐकेल. आली तर छप्पर होतं, भट्टीही होती. पण भट्टीच्या बाजूला मोडक्या पात्यांचा ढीग पडला होता आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

बोलणार तरी कसं? थोरली ही चव्हाणांची देवी. साळूच्या सासऱ्याच्या, सखोजीच्या, आज्याला ती नदीच्या डोहात सापडली, असं सांगतात. तिच्या बळावर चव्हाणांनी गाडी सोडली आणि या ओढ्याकाठी घर बांधलं. आज्यानं शपथ घेतली, ‘थोरलीवाचून आमच्या घराचा घाव दुसऱ्या ऐरणीवर पडणार नाही. पडला तर हात झडोत.’ तिच्या जोडीला घणही तसाच, भलाथोरला. तो उचलणं हाच घराचा मान. पातं मोडलं तर दोष लोखंडाला, कोळशाला, नाहीतर पाण्याला. थोरलीला कधीच नाही.

सर्वांत जास्त पाती मोडली ती बुरडांची. बांबूच्या बारीक कांबी काढायला त्यांना पातळ सुरी लागे. बुरडांची म्हातारी गजाबाई एकदा सूपभर तुकडे घेऊन दारात आली.

“सखोजी, तुझी सुरी बांबूला भिती रं! बांबू चिरायला घ्यावा तर हीच चिरती. हे घे, कोशिंबीर कर याची.”

सूप अंगणात पालथं करून ती गेली. मागोमाग पाटलाचा निरोप आला. दसऱ्याला मुहूर्ताचं पातं साऱ्या गावादेखत घडवा. बुरडांच्या बांबूत टिकलं तर राहा, मोडलं तर ओढ्याकाठची जागा सोडा. सखोजीनं परसातल्या जुन्या गाडीची चाकं तपासायला घेतली. साळूनं ते पाहिलं. छप्पर मिळून वर्षही झालं नव्हतं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. थोरलीला धुऊन पुसायचं काम सुनेचं. त्या सकाळी साळू ते करत होती, आणि तेव्हाच तिला कळलं, असं म्हणतात. हातातली हातोडी निसटून थोरलीच्या माथ्यावर पडली आणि तिथंच पडून राहिली.

संध्याकाळी सासरा जेवायला बसला तेव्हा साळू म्हणाली, “मामंजी, थोरली थकली.”

“काय बोललीस?”

“हातोडी सोडली की उसळत न्हाई. चिखलात पडावी तशी पडती. आवाजबी बद्द. आत चीर गेली असंल. ऐरणीनं घाव परत द्याया पायजे.”

“देवीची परीक्षा घेतलीस? खंडेनवमीला?”

“पहिल्यांदा हातातनं सुटली.” साळू थांबली. “दुसऱ्यांदा मी सोडली.”

तिचा नवरा बाळोजी घास हातात धरून म्हणाला, “तिसऱ्यांदा तरी न्हाई ना सोडलीस?”

“तिसऱ्यांदाबी सोडली. आन् घणाचंबी सांगते. त्यो वर जाऊन खाली येईस्तोवर पातळ पातं काळं पडतं. काळ्या पात्यावर घाव घातला की आतल्या आत तडकतं. माझ्या माहेरचा घण हलका हाय. पातं लाल हाय तवर चार घाव जास्त बसतील.”

सखोजीनं ताट सारलं. “आज्याची शपथ हाय, पोरी.”

“शपथ कुणी घेतली?”

“सांगितलं की. आज्यानं.”

“आन् घाव कुणी घातलं?”

त्या घरात सांडशी पुरुषाच्या हातात आणि घण बाईच्या, हीच रीत होती. साळूच्या आधी तिच्या सासूनं तो उचलला, सासूच्या आधी तिच्या सासूनं. खांदे त्यांचे गेले, कंबरा त्यांच्या मोडल्या.

“शपथ घेताना त्यांना कुणी इचारलं व्हतं, मामंजी?”

“आन् हात झडले तर?”

“माझे झडतील. घण माझ्याच हातात असतो.”

सखोजी उठून अंगणात गेला.

हरबा इथं थांबतात आणि आळीची रीत सांगतात. आजही वाकसरीत घण निवडायचा तो उचलणाऱ्या बाईनंच. दांडा तिच्या हाताला, वजन तिच्या खांद्याला. नवी ऐरण आणली की घरातली बाई तिच्यावर सैल हातानं हातोडी सोडते. हातोडी उसळली तर ऐरण घरात येते, नाहीतर आल्या वाटेनं परत. मग विकणारा कितीही मोठा असो, आणि ऐरण कितीही देखणी. आजही दसऱ्याचं पहिलं पातं बुरूडआळीला जातं.

पण यातलं काहीही तेव्हा साळूला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की उजाडल्यावर अंगणात पाटील येईल, सारा गाव येईल आणि गजाबाई हिरवा बांबू घेऊन पुढंच बसेल.

तसंच झालं. बाळोजी भाता ओढत होता, पातं तापत होतं. साळूनं थोरलीला हळद-कुंकू लावलं, तिच्या माथ्यावर खण पांघरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आई, आता तू बस.” गाडीच्या चाकाला टेकण म्हणून लावलेली माहेरची वीतभर ऐरण तिनं उचलून आणली आणि बाभळीच्या ओंडक्यात घट्ट बसवली. हलका घण घेऊन ती तिच्यापुढं उभी राहिली.

“सखोजी,” पाटील म्हणाला, “सून काय करतीय ही?”

सखोजीनं सांडशीत लाल पातं धरलं होतं. तो थोरलीकडं वळला. खणाखालच्या तिच्या आकाराकडं त्यानं पाहिलं. पातं विझायला वेळ लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

साळू जागची हलली नाही. मनाशी तिचं ठरलं होतं. सासरा इकडं आला तर घाव घालायचा, थोरलीकडं गेला तर घण खाली ठेवायचा, आणि गाव सोडावं लागलं तरी मेलेल्या लोखंडावर पुन्हा खांदा झिजवायचा नाही.

सखोजी तिच्यासमोर येऊन बसला. त्यानं पातं माहेरच्या ऐरणीवर धरलं.

“घाल,” तो म्हणाला.