आत्याची लोकर आणि भिवाची सोयरीक

घाटमाथ्यावरच्या एका गारठलेल्या गावात भिवा नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे अगदी भोळा बरं का! 'जरा थांब' म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथेच उभा. त्याला त्याच्या सोनाआत्याने वाढवलं. आत्या विणकामात पटाईत. नवी लोकर तिला परवडायची नाही, म्हणून ती फाटके स्वेटर उसवायची आणि त्याच लोकरीचे नवे विणायची.

भिवाचं लग्न जमत नव्हतं. कसं जमणार? पण खालच्या वाडीची सुंदरा जत्रेत त्याच्याकडे बघून हसली होती, आणि तेव्हापासून भिवाला भाकरी गोड लागेना. सुंदराचे वडील केरबा बुधवारी बोलणी करायला येणार होते. आत्या म्हणाली, "केरबांना थंडी सोसत नाही. ऊबदार स्वेटर अंगात घातला की माणूस खूश. सोयरीक झालीच समज. जा, घरोघर फीर आणि काही जुनं लोकरीचं असेल ते घेऊन ये."

भिवा गेला आणि एक म्हातारी मेंढी घेऊन आला. मागून बिरू धनगर ओरडत येत होता.

"अरे, ही काय आणलीस?" आत्याने विचारलं.

"लोकरीची आहे. जुनी पण आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. "मेंढी नव्हे रे! माणसांच्या अंगावर असतं ते आण."

असं होय! सरपंच शेकोटीपाशी हात शेकत बसले होते. भिवाने मागून त्यांचा स्वेटर धरला आणि डोक्यावरून सर्रकन ओढून काढला. सरपंच नुसत्या बंडीवर कुडकुडत आत्याच्या दारात आले.

"अंगावरचंच आहे," भिवा म्हणाला. "अजून गरम आहे."

आत्याने सरपंचांचे पाय धरले आणि भिवाचा कान. "मेल्या, असं ओरबाडायचं नसतं! नीट विचारावं. म्हणावं, घरात काही जुनं पडून आहे का? कुणी विचारत नाही असं? आमची आत्या त्याचं नवं करते."

भिवा पुढच्या घरी गेला. हात जोडून त्याने अगदी तसंच विचारलं.

"आहे की," ओट्यावरून सोपानतात्या म्हणाले. "मीच आहे. या घरात मला कोण विचारतंय? तुझी आत्या नवं करते म्हणतोस? चल!"

भिवाने तात्यांना पाठुंगळी घेऊन आणलं. तात्या तीन कप चहा प्यायले, दुपारभर बसले आणि काहीच नवं झालं नाही म्हणून रुसून घरी गेले.

शेवटी आत्या स्वतः फिरली. चार फाटके स्वेटर मिळाले. तिने ते उसवले आणि भिवाला समोर बसवून सांगितलं, "आता नीट ऐक. ही लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवायची. पिळायची नाही. गोधडीत गुंडाळायची आणि वर बसायचं, म्हणजे पाणी निघतं. मग खाली वजन बांधून टांगायची. ओली असताना ओढाताण करायची नाही. जे काय करायचं ते वाळल्यावर."

नवल म्हणजे भिवाने सगळं बरोबर केलं. लोकर मऊसूत झाली. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो! मंगळवारी रात्री स्वेटर तयार झाला.

बुधवारी केरबा आले. स्वेटर अंगात घातला, पुरणपोळ्या हाणल्या आणि ढेकर देऊन म्हणाले, "पोरगी दिली."

आत्या हरखली. "मी गल्लीत साखर वाटून येते," ती भिवाच्या कानात म्हणाली. "पाहुणे जरा आडवे झालेत. त्या लोकरीला जपलंस ना, अगदी तसंच त्यांना जप."

"अगदी तसंच?"

"अगदी तसंच!"

आत्या साखर वाटून परतली तेव्हा तिच्यामागे आठ-दहा बायका व्याही बघायला आल्या होत्या. घरभर रिठ्याचा फेस. मधोमध गोधडीची एक भली मोठी वळकटी, आणि वळकटीवर भिवा. खालून दोन पाय बाहेर आलेले आणि पायाच्या अंगठ्यांना वरवंटा बांधलेला.

"अरे भिवा, पाहुणे कुठे आहेत?"

"हे काय, खाली. टांगायचे तेवढे राहिलेत. आढ्याला हात पोचत नाही."

वळकटीतून फेसाचे दोन फुगे आले आणि मागून केरबांचा आवाज आला, "सोयरीक मोडली! मोडली! मोडली!"

आत्याच्या हातातली साखरेची वाटी खाली पडली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"तू मनाला लावून घेऊ नकोस, आत्या," भिवा वळकटीवर नीट सावरून बसत म्हणाला. "पाहुणे अजून ओले आहेत. वाळल्यावर विचारू."